चावडीवर वाचलेला कागद

पिंप्राळा,
१४ एप्रिल १९२७

पुष्पाअक्काला रतिलालचा नमस्कार.

इकडे सगळी बरी आहेत. भाईदासची मॅट्रिकची परीक्षा संपली, पेपर चांगले गेले म्हणतो. त्याचे हेडमास्तर नानांना जळगावच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, "जीवरामभाऊ, हा पोरगा पास होणारच. याला शेतात अडकवू नका, पुण्याला कॉलेजात पाठवा." नाना तिथल्या तिथे हो म्हणून आले. आपल्या घरातल्या कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही, आणि आता शेंडेफळ सगळ्यांत लांब निघालं. मायने ऐकल्यापासून धाब्याच्या छतावर ज्वारीच्या बिबड्या थापून वाळत घालायला घेतल्या आहेत. पुण्याला ज्वारीच मिळत नाही असं तिच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. रोज सकाळी कमल आणि ती दोघी वर, आणि मी केळीच्या पाण्यावर.

भाईदास जाण्याआधी धाकट्या सुनेला घरी आणावं असं नानांच्या मनात होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मंजुळाला पंधरावं लागलं. आखाजीचा, अक्षय्यतृतीयेचा सण झाला की शिंदखेड्याला तिच्या वडिलांकडे, चिंधाभाऊंकडे निरोप पाठवणार होते. पण यंदा मुहूर्त नीट लागत नाही, म्हणून ते पुढे ढकललं आहे. व्याही धुळ्याला आले आणि तुझ्याकडे डोकावले, तर तू होऊन विषय काढू नकोस.

तोताराम मास्तरांना नमस्कार. त्यांच्या मुलींच्या शाळेला सुट्टी लागली का? आखाजीला येतेस ना?

रतिलाल

*

देवपूर, धुळे,
२२ एप्रिल १९२७

चि. रतिलालला आशीर्वाद.

भाईदास पुण्याला जाणार हे वाचून मी पत्र हातात घेऊन नुसती बसून राहिले. यांनी विचारलं, काय झालं? मी पत्रच यांच्यापुढे केलं. तुला आठवत असेल, तो झाला त्या उन्हाळ्यात मीही बाळंतपणाला पिंप्राळ्याला आले होते. माझं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं. मायला दूध नव्हतं, म्हणून चार महिने भाईदासला मी पाजलं. तो कुठेही गेला तरी माझ्या मांडीवरून उठून गेल्यासारखं वाटतं.

पण मुहूर्ताचं कारण मला सांगू नकोस. पंचांग आमच्याही घरात आहे. खरं काय ते मी समजले. धाकटी जाऊ आली की चूल वाटून घ्यावी लागेल, हे कमलबाईला नको असेल आणि तू तिच्या बोलण्यात आला असशील. चिंधाभाऊ मागच्या महिन्यात येऊन गेले. पोरीसाठी हिरवं लुगडं घेतलं, ते मला उलगडून दाखवत होते. बिनआईची पोर त्यांनी एकट्यानं वाढवली. शाळेत घातली नाही, का, तर सासरची माणसं नावं ठेवतील. आणि आता गावात बाया विचारतात, नेत का नाहीत?

मी आखाजीला येत नाही. यांना ताप आहे. पण तू नानांना सांग, मुलीला आणा.

पुष्पा

*

पिंप्राळा,
३० एप्रिल १९२७

अक्काला नमस्कार.

कमलचा यात काहीच दोष नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही, एवढंच सांगतो.

भाईदासने स्वतः चिंधाभाऊंना पत्र लिहिलं आहे. त्यात खुलासा केला आहे म्हणाला. काल मीच ते जळगावला जाऊन पोस्टात टाकलं. आता तू काळजी करू नकोस. मास्तरांचा ताप उतरला का ते कळव.

रतिलाल

*

देवपूर,
८ मे १९२७

रतिलाल,

आज आशीर्वाद लिहायलाही हात उचलत नाही.

परवा दुपारी चिंधाभाऊ दारात येऊन उभे राहिले. नरडाण्याहून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आले होते. अंगावर धूळ, ओठ फुटलेले. मी पाणी दिलं तर तांब्या बाजूला ठेवला. बाकावर बसा म्हटलं तर खालीच बसले. मग पटक्याच्या घडीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"बहीन, हाऊ कागद वाच. आमना मास्तरनं वाचनं चुकनं व्हई."

तो भाईदासचा कागद होता. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आला. जावयाचं पहिलं पत्र, म्हणून चिंधाभाऊ आनंदानं ते घेऊन चावडीवर गेले. तिथे आठ-दहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत त्यांनी शाळेच्या मास्तरांना सांगितलं, मोठ्यानं वाचा. आणि मास्तरांनी वाचलं.

त्यात काय होतं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. "आपल्या कन्येशी माझा विवाह झाला तेव्हा आम्ही दोघेही अज्ञान होतो. असा विवाह मी स्वतःवर बंधनकारक मानीत नाही. आपण कन्येची अन्यत्र व्यवस्था करावी, यात उभयतांचे हित आहे." खाली सही. अक्षर मोत्यासारखं आहे, रतिलाल. मीच त्याचा हात धरून गिरवून घेतलं होतं.

मी ते मनात वाचत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "सावकाश वाच. बठ्ठा वाच." सगळा कागद ऐकायचा होता त्यांना.

मी खोटं वाचलं.

मी वाचलं की, चिंधाभाऊ, मी शिकायला पुण्याला जातो आहे. चार वर्षं लागतील. तोवर मंजुळाला सांभाळा, आणि उशीर होतो म्हणून रागावू नका. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, अजून एकदा. दुसऱ्यांदा वाचताना मला पहिल्या वेळचे शब्द आठवून आठवून बोलावे लागले. मग त्यांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्याले. "आसं शे का! मी म्हनतच व्हतू, आपला जवाई आसा नही." जेवले. हसले. जाताना कागद पुन्हा पटक्यात घालून घेऊन गेले.

तो कागद त्यांच्याजवळ आहे. वाचता येणारा कुणीही माणूस उद्या त्यांना खरं सांगेल. तेव्हा त्या माणसाला दोनदा मेल्यासारखं होईल, आणि दुसऱ्यांदा माझ्यामुळे.

भाईदासला समोर बसवून हे पत्र दे. मी बोलले ते खरं करणं आता त्याच्या हातात आहे.

पुष्पा

*

पिंप्राळा,
१४ मे १९२७

अक्काला नमस्कार.

मला आधी माझं सांगू दे. भाईदासने पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा ते चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. सगळं वाचून, डिंक लावून पोस्टात टाकलं. मुहूर्ताचं कारणही माझंच. फाल्गुनातच तो मला विहिरीवर म्हणाला होता, "भाऊ, ती घरात आली तर मी घर सोडीन." तेव्हापासून मी नानांना आज एक, उद्या दुसरं सांगत राहिलो.

मी का टाकलं ते विचारशील. पाचवीनंतर नानांनी मला मोटेवर उभं केलं. मी काही बोललो नाही, आणि आजही तक्रार नाही. पण एक तरी भाऊ मोकळा जावा असं वाटलं. त्या टोकाला एक माणूस चावडीवर उभा असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात आलं नाही हेही खरं नाही. आलं, आणि मी ते बाजूला केलं.

तुझं पत्र मी भाईदासला दिलं. वाचताना त्याचा चेहरा उतरला. "चावडीवर? मला वाटलं ते घरी कुणाकडून तरी वाचून घेतील." इतकंच बोलला. मग ते पत्र घेऊन तोच नानांकडे गेला. मी अडवलं होतं, पण ऐकलं नाही. तेवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

नाना जेवत होते. भाईदासने उभ्यानं सगळं सांगितलं. वर म्हणाला, "नाना, बाराव्या वर्षी मला झोपेतून उठवून बोहल्यावर उभं केलंत. मला कुणी विचारलं होतं?"

नाना म्हणाले, "मला विचारलं होतं? तुझ्या मायला कुणी विचारलं?"

"म्हणूनच पुढे हे चालू नये असं मला वाटतं."

नाना ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "सून घरात येणार नसेल, तर तूही घराबाहेर जाणार नाहीस. पुण्याचं नाव काढायचं नाही." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मायने बिबड्यांचा डबा बांधून ठेवला होता, तो तसाच कोनाड्यात आहे.

अक्का, तू बोललीस ते खरं करणं भाईदासला जमणार नाही, आणि जुलमानं केलं तर त्या पोरीचे आणखी हाल होतील. मला वाटतं, चिंधाभाऊंना खरं सांगावं लागेल. ते कोण सांगणार, हे मला सुचत नाही.

रतिलाल

*

देवपूर,
२५ मे १९२७

चि. रतिलालला आशीर्वाद.

कमलबाईला माझ्या वतीनं सांग, मी चुकीचं लिहिलं होतं.

खोटं मी बोलले होते, तर खरं सांगायलाही मीच जायला हवं होतं. यांना बरं वाटू लागल्यावर आम्ही दोघं शिंदखेड्याला गेलो. चिंधाभाऊ खळ्यात होते. मंजुळा एकटीच घरी होती. सहा वर्षांपूर्वी हळद लावलेली पोर मला आठवत होती. आता माझ्याएवढी उंच झाली आहे. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, यांना ओसरीवर घोंगडी टाकून दिली आणि मला आत नेलं.

मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "अक्का, मास्तरनी बरोबरच वाचं व्हतं ना?"

चिंधाभाऊंच्या अगोदर चावडीशेजारची एक बाई धावत येऊन तिला सगळं सांगून गेली होती. नंतर बाप धुळ्याहून हसत घरी आला, त्यानं माझे शब्द तिला ऐकवले. तिनं त्याला ताट वाढलं. मला म्हणाली, कागद आल्यापासून बाप जेवला नव्हता, तुमच्याकडून आल्यावर जेवला, मग मी कशाला बोलू?

पंधरा वर्षांची पोर, रतिलाल. मी तिच्या बापाला वाचवायला खोटं बोलले, आणि ते खोटं एकटी तीच वाहत होती.

मी विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं रडेल. ती म्हणाली, त्यांच्या घरी मला नेऊ नका. नको म्हणणाऱ्याच्या घरात मी भाकरी थापणार नाही. पण एकदा त्यांना समोर बसवा. मला एक गोष्ट विचारायची आहे.

चिंधाभाऊ आले तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पटक्यातला कागद काढला, थोडा वेळ उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "माले वाटनंच व्हतं," म्हणाले. बस. मग उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि मुलीला माझ्याबरोबर पाठवायला तयार झाले.

मंजुळा आता माझ्याकडे आहे. भाईदासला पाठव. नानांना सांगून पाठव, लपवून नको. लपवणं पुरे झालं.

पुष्पा

*

पिंप्राळा,
२ जून १९२७

अक्काला नमस्कार.

भाईदास पास झाला. वर्तमानपत्रात नंबर आला, पहिल्या वर्गात. घरात पेढा आला नाही. मायने देवापुढे साखर ठेवली आणि डोळे पुसले.

नानांना तुझं पत्र वाचून दाखवलं. "भाकरी थापणार नाही" या ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. नंतर म्हणाले, "जाऊ दे त्याला. ऐकू दे काय विचारते ती." उद्याच्या गाडीनं येतो आहे, चाळीसगावला बदलून. त्याला फार बोलू नकोस. हल्ली जेवतही नाही.

रतिलाल

*

देवपूर,
७ जून १९२७

चि. रतिलालला आशीर्वाद.

भाईदास आला. मी त्याला काही बोलले नाही, फक्त वाढलं.

दुपारी पुढच्या खोलीत दोघांना बसवलं. हे आणि मी दाराशी होतो, तशीच मंजुळाची अट होती. भाईदासने बोलायचं पाठ करून आणलं असावं. बालविवाह, अज्ञान, दोघांचं हित, असं बरंच बोलला. ती खाली बघून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं मान वर केली. तिचं बोलणं मी आपल्या मराठीत लिहिते.

"तुम्ही लिहिलं, आपण दोघं अज्ञान होतो. तुम्ही त्यानंतर शिकलात. मला कुणी का शिकवलं नाही, ठाऊक आहे?"

तो म्हणाला, "नाही."

"तुमच्यासाठी. शिकलेली सून तुमच्या घरी चालणार नाही म्हणून बापानं शाळेत घातलं नाही. सहा वर्षं वडाला दोरा गुंडाळला, तोही तुमच्यासाठी. मला नको होतात असं नाही आणि हवे होतात असंही नाही, मी तुम्हाला ओळखतच नाही. पण या सहा वर्षांत तुम्ही एकदा तरी चौकशी केलीत का, की ती कोण आहे, कशी आहे?"

तो पुन्हा "नाही" म्हणाला.

"मग आता मला नको म्हणालात ते कशावरून? तुम्हीही मला न बघताच ठरवलंत. तुमच्या वडिलांनी ठरवलं होतं तसंच."

रतिलाल, मी दाराची चौकट धरून उभी होते. भाईदासने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. शेवटी म्हणाला, "मी चुकलो. मी तुझ्या वडिलांची माफी मागेन. पत्र लिहून..."

"पत्र नको," ती म्हणाली. "तिथे जाऊन, तोंडानं. चावडीवर. तीच माणसं असताना."

संध्याकाळी त्याने मला विचारलं, अक्का, ती असं बोलायला कुठे शिकली? मी म्हटलं, तूच शिकवलंस तिला, एका कागदात.

आज सकाळी तो शिंदखेड्याला गेला. हे बरोबर जायला निघाले होते, तर नको म्हणाला.

पुष्पा

*

पिंप्राळा,
१२ जून १९२७

सौ. अक्का हिला भाईदासचा साष्टांग नमस्कार.

तू वाट बघत असशील. उशीर झाला, कारण लिहायला बसलो की पहिलं वाक्य खोटं वाटायचं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर पोचलो. सातजण होते, शाळेचे मास्तर धरून. चिंधाभाऊंना मी निरोप पाठवला आणि ते आले. मी बोलायला उभा राहिलो तर तयार केलेलं सगळं विसरलो. मी एवढंच म्हणालो की, मी जीवराम पाटलांचा भाईदास. माझा कागद इथे वाचला गेला. त्यात मुलीचा काही दोष नव्हता, तिच्या वडिलांचाही नव्हता. मी तिला न बघता, न विचारता लिहिलं. असं कागदावर लिहून पाठवणं हा भेकडपणा होता. तो माझा आहे.

एकजण म्हणाला, "मंग नेतोस का पोरीला?" मी म्हणालो, तिला यायचं नाही, आणि तिचं बरोबर आहे. लोक हसले. हसू दे असं मी मनाशी म्हटलं.

चिंधाभाऊ उठले. मला वाटलं, आता निघावं. ते पुढे चालू लागले आणि मागे वळून त्यांनी फक्त हात केला. घरी नेलं, स्वतः भाकरी वाढली, आणि मी जेवेपर्यंत माझ्याकडे पाठ करून दारात बसून राहिले. मी ती भाकरी कशी संपवली ते मला सांगता येणार नाही.

पुण्याला जाणं होणार नाही असं दिसतं. नानांचा शब्द आहे. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही. मंजुळाबाईंना माझा नमस्कार सांग.

भाईदास

*

पिंप्राळा,
२१ जून १९२७

अक्काला नमस्कार.

भाईदास परवा गेला. कसा गेला ते सांगण्यासाठी हे पत्र.

शनिवारी सकाळी चिंधाभाऊ सुरतेच्या गाडीनं जळगावला उतरून इथे आले. सांगून आले नव्हते. माय घाबरली. नाना बाहेर आले, पण त्यांना वर बघवेना. दोघं ओसरीवर बसले. मी पाणी ठेवून बाजूला उभा राहिलो.

चिंधाभाऊ म्हणाले, "जीवरामभाऊ, पोऱ्याले कॉलेजमा पाठाडत नही म्हने?"

नाना म्हणाले, "तुमची मुलगी घरात बसवून माझा मुलगा कॉलेजात कसा पाठवू?"

"ती घरमा कोठे शे? धुळाले शे. आक्काना घर राहीसन शाळामा जाई ऱ्हायनी."

हे नानांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, तू कळवलं नाहीस. मास्तरांच्या शाळेत ती सात-आठ वर्षांच्या पोरींबरोबर पहिलीच्या वर्गात बसते, पोरी हसतात, आणि ती हसू देते, हे सगळं त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

मग म्हणाले, "पोऱ्या चुकना. पन मांगे फिरीसन उना, सामने उभा राहिना. त्याले जाऊ दे. त्याले अडकाडीसन मनी पोरनं काय भलं व्हई?"

नानांनी विचारलं, "आणि चार वर्षांनी? तो तिकडून आल्यावर?"

"तवय दोन्हीसले काय वाटी ते वाटी. ती आते कोनीच वाट देखाव नही."

नाना उठून आत गेले. मायला म्हणाले, "डबा काढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जळगाव स्टेशनवर गेलो, चिंधाभाऊही. भाईदास मायच्या पाया पडल्यावर नानांच्या पाया पडायला वाकला. नानांनी त्याला खांदा धरून उभं केलं आणि म्हणाले, "आधी त्यांच्या." तो चिंधाभाऊंच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते मला दिसलं नाही, मध्ये हमाल आला. गाडी सुटली. माय आणि कमल बराच वेळ रुळांकडे बघत उभ्या होत्या.

चिंधाभाऊंची गाडी दोन तासांनी होती. मी म्हटलं, नाना, तुम्ही घरी जा, मी थांबतो. ते हलले नाहीत. दोघे म्हातारे एका बाकावर बसून राहिले. गाडी लागली तेव्हा चिंधाभाऊ उठले, पिशवी उचलली. आणि नाना, आपले नाना, मुलाचे वडील, फलाटावर लोकांदेखत वाकले आणि त्यांनी मुलीच्या बापाच्या पायांना हात लावला.

आपल्याकडे असं कधी होत नाही. कमलने तोंडावर पदर घेतला. चिंधाभाऊ त्यांना उठवत होते आणि नाना उठत नव्हते.

रतिलाल